ब्लॅक बेल्ट होता, तरी हात सुटला नाही

ताई, मी जिंतूर तालुक्यातली. परभणीत रूम करून बी.एस्सी. करते, दुसरं वर्ष. सातवीपासून तायक्वांदो खेळते, ब्लॅक बेल्ट आहे, दोनदा राज्य स्पर्धेला जाऊन आले. दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेआठला मेसवरून रूमवर येत होते. गल्लीतले लाईट गेलेले. गावाकडचा एक जण, दादाच्या ओळखीचा, महिनाभर 'गाडीवर सोडतो' म्हणून मागं लागला होता. त्यानं मनगट धरलं आणि 'एवढा काय भाव खायलीस' म्हणाला. ताई, मी काहीच केलं नाही. किक नाही, ओरडणं नाही. नुसती उभी राहिले. पलीकडून पाणीपुरीचा गाडा ढकलत एक काका आले, तेव्हा त्यानं हात सोडला. तेव्हापासून मी क्लासला गेले नाही. सात वर्षं वाया गेली का? तुम्ही ज्युदोवाल्या, तुम्हाला खरंच उपयोगी पडलेले डाव कोणते? आणि घरी सांगू का? सांगितलं तर सामान बांधून गावाकडं नेतील. दादा तर 'तुझा ब्लॅक बेल्ट आता कपाटाला बांध' म्हणून चिडवतो. त्याला यातलं काहीच माहीत नाही.
नाव नको, परभणी

पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि आधी मला माझीच एक गोष्ट आठवली. १९९७ ची. राज्य स्पर्धेतलं ज्युदोचं पदक गावी अण्णांना दाखवून मी एसटीनं औरंगाबादला परत चालले होते. तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. फायनलला समोरच्या पोरीला मी अर्ध्या मिनिटाच्या आत पाठीवर टाकली होती, त्याची मस्ती अंगात होती. बीडला शेजारी एक पांढऱ्या कपड्यांतला, बापाच्या वयाचा माणूस येऊन बसला आणि थोड्या वेळानं त्याचं कोपर सरकायला लागलं. मी काय केलं? अंग चोरलं. अजून चोरलं. खिडकीला चिकटले. गेवराईला गाडी थांबली तशी उठले आणि पाचोडपर्यंत दांडा धरून उभी राहून गेले, बसायला जागा असताना. पदक मांडीवरच्या बॅगेत होतं, ते तसंच छातीशी धरून. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुला लिहिते आहे.

तेव्हा तुझी सात वर्षं वाया गेली असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

अंग थिजणं आपल्या हातात नसतं. शिकाऱ्यानं गाठलं की ससा जागच्या जागी दगड होतो, ती जुनी सवय माणसाच्या अंगातही आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कार झालेल्या स्त्रियांसाठी एक तातडीचा दवाखाना आहे. तिथं आलेल्या २९८ जणींचा अभ्यास २०१७ साली छापून आला. त्यातल्या सत्तर टक्के जणींनी सांगितलं की त्या वेळी अंग जखडल्यासारखं झालं होतं, हलता येत नव्हतं. तू एकटी नाहीस, आणि तुझ्यात काही कमी होतं असंही नाही.

तुझ्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट आहे, ती क्लासमध्ये तुला कुणी सांगितली नसणार. तुझ्या खेळाचे नियम आठव. पकडलं की गामजॉम, म्हणजे दंड. कमरेखाली किक मारली की गामजॉम. डोक्यावर किक बसली तर तीन गुण, पण तोंडावर बुक्की मारली तर उलटा दंड. म्हणजे सात वर्षं तू ज्या खेळात घाम गाळलास त्यात मनगट धरायलाच बंदी आहे! मग ते धरल्यावर काय करायचं हे तुझ्या अंगाला कुठून माहीत असणार? शिवाय तिथं समोरची हेडगार्ड घालून येते, वाकून नमस्कार करते, पंच 'जुनबी', म्हणजे तयार, म्हणतो, मग 'शिजाक' म्हणतो, आणि तेव्हा लढत सुरू होते. त्या गल्लीत 'शिजाक' कुणी म्हटलंच नाही. समोर दादाच्या ओळखीचा, हसून बोलणारा पोरगा. लढत नेमकी कधी सुरू झाली हे कळायच्या आत मनगट त्याच्या मुठीत गेलं होतं.

तायक्वांदोला नावं ठेवायला हे लिहीत नाही. ज्युदोत बुक्की नाही, कुस्तीत लाथ नाही, बॉक्सिंगमध्ये पकड नाही. प्रत्येक खेळानं काही ना काही गाळलंय, म्हणून तर रोज सराव करून पोरं धडधाकट घरी जातात. आपल्या खेळानं काय गाळलंय तेवढं माहीत पाहिजे, आणि ते दुसरीकडून भरून घेतलं पाहिजे.

आता डावांकडं येते. 'खरंच उपयोगी पडलेले' असं विचारलंस ते बरं केलंस. स्पर्धेतला लाडका डाव विचारला असतास तर ओ सोतो गारीवर मी दोन पानं भरली असती आणि तुझ्या पदरात काही पडलं नसतं.

मला आयुष्यात सगळ्यात जास्त कामाला आलेला डाव म्हणजे पडणं.

हसू नकोस. आमच्या गावात जत्रेला कुस्त्यांचा हगामा भरायचा. हलगी कडाडली की मी माळवदावर चढून बघायचे. अण्णा स्वतः पैलवान, लाल मातीत आयुष्य गेलेलं, पण मला खालून ओरडायचे, "तिथं काय बघायलीस गं? उतर खाली." पोरीनं मातीत उतरायचं नसतं, हा गावचा कायदा. १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये बायकांच्या ज्युदोला पहिल्यांदा पदकं ठेवली, ती बातमी कुणीतरी पेपरात वाचून दाखवली, तेव्हा कुठं अण्णा म्हणाले, "जा, शहरात जाऊन शीक." शहरात गेले तर सरांनी तीन महिने दुसरं काही शिकवलंच नाही. मागं पड. बाजूला पड. खांद्यावरून लोळण घे. परत मागं पड. जिगोरो कानोंनी १८८२ साली टोकियोत कोडोकान काढलं आणि जुन्या जुजुत्सूतले डाव निवडून ज्युदो बांधला. तेव्हापासून आजवर ज्युदोत हे पडणं पहिलं येतं, त्याला उकेमी म्हणतात. मला तेव्हा राग यायचा. मी पाडायला शिकायला आले होते.

त्यात करायचं एवढंच: हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटत नाही. दातावर दात. आणि हात टेकायला पुढं करायचा नाही. पडताना माणूस हात टेकतो, सगळा भार तळव्यातून मनगटात उतरतो आणि हाड मोडतं. कुठल्याही हाडाच्या दवाखान्यात बाहेर बसून बघ, मनगटाला प्लास्टर घातलेले किती दिसतात ते. मॅटवर आम्ही बोटांपासून कोपरापर्यंत अख्खा हात चपटा आपटतो, त्यानं मार वाटला जातो. डांबरावर आपटण्यापेक्षा गोल होऊन लोळलेलं बरं. २००९ ला जालना रोडवर वाळूवरून माझी स्कूटी घसरली. उठून उभी राहिले तेव्हा कळलं की आपण पडलो होतो. कोपर खरचटलं, ड्रेस फाटला, बस. तीस वर्षांत कुणावर हात टाकायची वेळ माझ्यावर दोनदा आली असेल. पडायची वेळ मोजलीच नाही.

भांडणातही हेच. बाई पडली की संपली असं तिला स्वतःलाच वाटतं, आणि तिथंच ती हरते. पडायची सवय असलेली बाई पाठीवर असतानाही डोकं चालवते. पाठीवर असलीस तर पाय त्याच्या दिशेनं ठेवायचे, तो फिरेल तसं आपणही फिरायचं, आणि जवळ आला की गुडघ्यावर, नडगीवर लाथा. तुझ्या पायांना तर हे सांगायलाच नको.

आता मनगट. हे जरा सावकाश वाच, आणि वाचताना स्वतःचंच मनगट दुसऱ्या हातानं धरून बघ.

धरणाऱ्याची चार बोटं एका बाजूनं येतात आणि अंगठा दुसऱ्या बाजूनं. जिथं अंगठ्याचं टोक बोटांना भेटतं तिथं फट असते. पकड कितीही दणकट असो, फट तिथंच असते. आपल्या मनगटाची रुंद बाजू त्या फटीतून निघत नाही, अरुंद बाजू निघते. म्हणून आधी हात फिरवून मनगटाची धार फटीकडं करायची. आणि मग मागं ओढायचं नाही! सगळ्या पोरी मागंच ओढतात. मागं ओढलं की त्याच्या अख्ख्या अंगाशी तुझा एकटा दंड भांडतो. उलट एक पाऊल त्याच्याकडं टाकायचं, कोपर त्याच्या कोपराच्या दिशेनं ढकलायचं, आणि फोन कानाला लावतो तसा हात झटक्यात आपल्या खांद्याकडं आणायचा. कोपर पुढं, मूठ कानाशी. अंगठा एकटा असतो, चार बोटांइतका त्याचा जोर नाही, तो उघडतो. तरी नाही सुटलं तर दुसऱ्या हातानं आपलीच मूठ धरायची आणि दोन्ही हातांनी तीच हालचाल करायची.

शाळेत शिबिर घेते तेव्हा हे पाच मिनिटांत सगळ्यांना येतं. जोडीदारीण हलकंच धरते, दुसरी सुटते, दोघी खिदळतात. मग मी सांगते, आता सोडायचं नाही असं ठरवून धर. निम्म्या पोरी तिथंच अडकतात. चेहरे लाल होतात, एखादी रडकुंडीला येते. बाई, तुम्ही शिकवलेलं चालत नाही. मग मी म्हणते, आता तिच्या नडगीवर बुटाचं टोक हळूच लाव आणि मग फिरव. दुखलं की मूठ क्षणभर ढिली पडते, तेवढा क्षण पुरतो. डाव एकटा कधीच लागत नाही. कुस्तीतही बघ, ढाक मारायच्या आधी पैलवान मानेला दोन झोले देतो, समोरच्याचं वजन पायावरून हलवतो. जपानी लोक त्याला कुझुशी म्हणतात. आपल्याकडं वस्ताद नुसतं "हलव त्याला" म्हणतात.

ओढणी धरली तर ओढणी सोडून द्यायची. पिशवी धरली तर पिशवी. मोबाईल मागितला तर मोबाईलही. मनगट मात्र तुझंच आहे, ते सोडून देता येत नाही, म्हणून त्याच्यावर एवढं लिहिलं.

तुझी किक टाकून देऊ नकोस, फक्त खाली आण. रात्री, चप्पल घालून, खडी सांडलेल्या रस्त्यावर एका पायावर उभं राहून दुसरा पाय कुणाच्या कानापर्यंत न्यायचा म्हणजे स्वतःहून पाय त्याच्या हातात द्यायचा. तीच आप चागी, समोरून मारायची किक, गुडघ्याच्या खाली, नडगीवर मार. वाकावं लागत नाही, तोल जात नाही, त्याला दिसतही नाही. तुझ्या सरांना सांगून आठवड्यातला एक तास खाली मारायचा सराव पॅडवर कर. सात वर्षांचा पाय आहे तुझा, तो असा फुकट जायचा नाही.

आणि मूठ वळून तोंडावर मारू नकोस. कवटी टणक, आपली बोटांमागची हाडं नाजूक. बॉक्सर एवढ्या पट्ट्या गुंडाळून ग्लोव्ह घालतात ते आधी स्वतःचा हात वाचवायला. भाकरीचं पीठ परातीत मळताना तळव्याचा जो भाग जोर लावतो, मनगटाच्या लगेच वरचा, त्यानं खालून वर हनुवटीला किंवा समोरून नाकावर. बोटं मागं वळवून. आमच्या शिबिरात येणाऱ्या पन्नाशीच्या बायकांना हे कॉलेजच्या पोरींपेक्षा लवकर जमतं, जन्मभर पीठ मळल्यानं तळवा तयार असतो.

मागून कुणी कवळ्यात घेतलं, तर कुस्तीत ज्याला पाठीमागून कब्जा घेतला म्हणतात ते झालं. तेव्हा पैलवान काय करतो? पाय फाकवतो, गुडघ्यात बसतो, ढुंगण मागं टाकतो. उभ्या बाईला उचलणं सोपं, बसलेल्या पोत्याला उचलणं अवघड. एवढं झालं की त्याच्या पायाच्या पंजावर टाच घालायची, कोपर मागं बरगडीत. आणि मागून गळ्याला हात घातला तर बाकी सगळं विसरून हनुवटी खाली, दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढ. मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या तर आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते, इतर काही सुचायला तेवढाच वेळ असतो. हे दोन्ही मॅटवर, जाणत्या माणसासमोर शीक. रूमवर मैत्रिणीच्या गळ्यावर करून बघू नकोस.

ओ सोतो गारी, माझी लाडकी, आपल्या कुस्तीतल्या बाहेरच्या टांगेची बहीणच. समोरच्याचा तोल मागं काढून त्याचा पाय मागून झाडायचा. रस्त्यावर ती मी कधी वापरली नाही आणि वापरू नको असंच सांगते. एक तर तो पडताना तुला घेऊन पडतो. दुसरं म्हणजे सिमेंटवर डोकं आपटलं तर माणूस मरतो. स्वतःच्या बचावाचा हक्क कायद्यात आहे, पक्का आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ३४ ते ४४ ही कलमं त्याचीच आहेत. पण कलम ३७ म्हणतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. मनगट सुटलं, रस्ता मोकळा झाला, की पळायचं. पडलेल्याला लाथ घालायला थांबायचं नाही. बलात्काराचा, पळवून नेण्याचा, ॲसिडचा हल्ला असला तर गोष्ट वेगळी, तिथं कायदा तुला जीव घेण्यापर्यंतची मुभा देतो.

चाकू दिसला तर माझ्याकडं एकही डाव नाही. गॅदरिंगमध्ये लाकडी चाकू हिसकावून दाखवणारी प्रात्यक्षिकं बघते तेव्हा मला घाम फुटतो. मागितलं ते दे, लांब फेक आणि उलट्या दिशेला पळ.

नांदेडला हल्लाबोलच्या मिरवणुकीत गतका, म्हणजे काठीचा खेळ, खेळणारी शीख पोरं-पोरी बघून बऱ्याच जणी मला काठी शिकवा म्हणतात. शिका, जरूर शिका, खांदे आणि पाय सुरेख तयार होतात. पण मेसला जाताना काठी कोण नेतं? तिथून उचलायची गोष्ट एकच, अंतर. काठीवाला कुणाला आपल्या काठीच्या आत येऊ देत नाही. तुझी काठी म्हणजे तुझा लांब केलेला हात. बोलता बोलता कुणी त्याच्या आत आला की एक पाऊल मागं, आणि दोन्ही तळवे छातीसमोर उघडे, 'थांबा' म्हणताना करतो तसे. बघणाऱ्याला वाटतं पोरगी नको म्हणते आहे, आणि हात मात्र जिथं पाहिजेत तिथं आधीच आलेले असतात.

इथून पुढं जे लिहिते ते माझ्या मते सगळ्यात अवघड, आणि कुठल्याच क्लासमध्ये त्याचा बेल्ट मिळत नाही. तू तोंड उघडलं नाहीस, कारण तो ओळखीचा होता. महिनाभर 'गाडीवर सोडतो' म्हणत होता तेव्हा तू काय म्हणत होतीस? पत्रात लिहिलं नाहीस, पण मी सांगते: "नको दादा, जाते मी चालत," हसून. बरोबर ना? आपल्याला शिकवलेलंच तसं आहे. गावाकडचा आहे, दादाचा दोस्त आहे, वाईट कसं बोलायचं, उद्या घरी जाऊन काहीबाही सांगितलं तर? देशभरातल्या बलात्काराच्या गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी दरवर्षी येते, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीतलेच असतात. अंधारातून उडी मारणारा अनोळखी गुंड समोर धरून आपण किका शिकतो, आणि येतो तो चहा पिऊन गेलेला माणूस.

म्हणून शिबिरात मी पोरींना दहा-दहा वेळा मोठ्यानं म्हणायला लावते: "हात सोड!" 'सोडा ना' नाही, 'सोडा हो दादा' नाही. बहुतेक पोरींच्या तोंडून पहिल्यांदा 'सोडा'च येतं. हात धरणाऱ्यालाही आपण अहो-जाहो करतो, बघ! अरे-तुरेवर यायला पाच-सहा वेळा लागतात, आणि आवाज पोटातून यायला पंधरा. तो आवाज एकदा निघाला की थिजलेलं अंगही सुटू शकतं, कारण ओरडायला श्वास घ्यावा लागतो, आणि थिजलेल्या माणसाचा श्वासच अडकलेला असतो.

नुसतं "वाचवा" म्हणून भागत नाही. बघणाऱ्यांना वाटतं, दोघांचं काहीतरी प्रकरण आहे, आपण कशाला मधे पडा. म्हणून पूर्ण वाक्य बोलायचं: "मी ह्याला बोलावलं नाही, हा माझ्या मागं लागलाय." आणि गर्दीला हाक मारायची नाही, एकाला मारायची: "ओ पाणीपुरीवाले काका, इकडं या!" एकाचं नाव घेतलं की तो एक हलतो, आणि मग बाकीचे हलतात.

हे सगळं बोलणं-बिलणं मऊ वाटत असेल तर ऐक. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ पोरींवर एक प्रयोग झाला, २०१५ ला छापून आला. निम्म्या पोरींना बारा तासांचं शिबिर दिलं: धोका आधी ओळखायचा कसा, ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना मनात जी चलबिचल होते ती मोडायची कशी, आणि थोडे हातपाय. बाकीच्यांना माहितीपत्रकं दिली. वर्षभरानं पहिल्या गटात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के निघालं, दुसऱ्यात ९.८. बारा तास, पोरी. ब्लॅक बेल्टला लागतात त्याच्या मानानं काहीच नाही.

आता घरचं. हे मी सगळ्यात शेवटी लिहिते आहे, कारण सगळ्यात जास्त विचार याच्यावरच केला.

सांग. पण 'काय करू' असं विचारत जाऊ नकोस. 'काय करू' म्हटलं की घरचे करतात, आणि त्यांना येतं ते एकच, सामान बांधायचं. आपला निर्णय घेऊन जा. आधी आईला, नाहीतर आत्या-मावशीपैकी जिचं घरात चालतं तिला. शब्द साधे: अमक्यानं रस्त्यात माझा हात धरला. मी मेसची वेळ बदलली आहे, येताना दोघी असतो, मोबाईलमध्ये ११२ आहे, आणि मी पोलिसांच्या दामिनी पथकाकडं जाऊन आले, किंवा सोमवारी जाणार आहे. कॉलेज सोडणार नाही. हे ऐकल्यावर बोलायला उरतं काय, तर त्या पोराचं काय करायचं. तिकडंच बोलणं वळव.

कायद्यानं तू काहीही चुकलेली नाहीस. हात धरून ओढणं न्याय संहितेच्या कलम ७४ खाली येऊ शकतं, आणि नको म्हटलेलं असताना पुन्हा पुन्हा मागं लागणं कलम ७८ खाली. दुसऱ्या कलमात बाईनं नकार स्पष्ट दाखवलेला असण्याला महत्त्व आहे. म्हणून आता त्याला मेसेजवर एक ओळ लिही, "माझ्याशी संपर्क करू नकोस," आणि स्क्रीनशॉट ठेव. 'प्लीज' घालू नकोस. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि या कलमांखालची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. तक्रार द्यायची की नाही हे मात्र तू ठरव. मी ढकलणार नाही. तारीख, वेळ, गल्ली, तो काय म्हणाला, सगळं आजच वहीत लिहून ठेव. दोन महिने झाले, आणखी दोन झाले की पुसट होईल.

त्या पाणीपुरीवाल्या काकांना एकदा भेटून ये. काय झालं होतं ते सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर नुसती पाणीपुरी खा. रोज त्याच रस्त्यानं जाणारा, तुला ओळखणारा एक माणूस गल्लीत असणं यासारखा डाव नाही.

दादाला सांगायचं काम आईवर सोपवू नकोस. चिडवतो म्हणजे अजून बोलतो तुझ्याशी. पुढच्या रविवारी गावी गेलीस की आधी त्याला बसवून सगळं सांग, नावासकट. तो तावातावानं उठेल, त्या पोराकडं निघेल, त्याला खाली बसव. मग अंगणात ये म्हणावं, आणि त्याच्यासमोर हात पुढं कर. "धर मनगट. आणि सोडू नकोस." नडगीवर जरा जपून मार, कामाचा माणूस आहे. पहिल्या दोन-तीनदा नाही सुटणार. सुटलीस की मला लिही, त्याचं तोंड कसं झालं होतं ते सविस्तर.

तुझी,
ताई